इथिओपियन ओपल चांदीत बसवताना: सहा आठवड्यांची नोंद

अंगठी झाली, दिली, आणि एकदा धडकी भरवूनही झाली. आता सविस्तर लिहितो. ओपल चांदीत बसवायचा म्हटलं की दोनच प्रकारची माहिती हाताशी येते. एक ज्योतिषाची: वार, बोट, मंत्र. दुसरी परदेशी व्हिडिओंची, ज्यात प्रत्येक हत्यार डॉलरमध्ये असतं. खडा कुणाला दाखवायचा, पत्रा किती जाडीचा घ्यायचा, काय आधी आणि काय नंतर, हे मधलं सगळं कारागिरांच्या हातात असतं आणि ते लिहीत बसत नाहीत. गोची अशी की चांदीचं काम आगीवर, आम्लात आणि पाण्यात चालतं आणि इथिओपियन ओपलला या तिन्हींचं वावडं. खडा शेवटपर्यंत डबीत ठेवायचा आणि बाकीचं काम त्याच्याशिवाय उरकायचं, एवढ्या एका गोष्टीभोवती पुढचे सहा आठवडे फिरले.

अंगठी वहिनींसाठी होती. त्यांना गुरुजींनी शुक्रासाठी हिऱ्याऐवजी ओपल सांगितला होता. चांदीत, आणि खडा खालून बोटाला टेकला पाहिजे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण 'टेकला पाहिजे' या दोन शब्दांनी काम दुप्पट अवघड केलं, ते पुढे येईलच.

११ जानेवारी २०२५, शनिवार. जयपूरच्या जोहरी बाजारातल्या एका व्यापाऱ्याशी व्हिडिओ कॉल झाला. ऑस्ट्रेलियन पांढरा ओपल आपल्या बजेटात यायचा तो फिक्का, रंग कमी. त्याच पैशात इथिओपियाच्या वोलो भागातला खडा भरपूर रंग दाखवतो. तिथला ओपल २००८ पासून बाजारात आला आणि मधल्या भावाच्या दागिन्यांत त्यानेच जागा धरली. स्वस्त असण्याचं एक कारण मात्र समजून घ्या: यातले बहुतेक खडे पाणी पितात. ऑस्ट्रेलियन सहसा पीत नाही. गुरुजींची अट पाहता ऑस्ट्रेलियनच शहाणपणाचा होता, पण वहिनींनी हिरव्या-केशरी ठिणग्या पाहिल्या आणि विषय संपला.

कॉलवर खडा पाहताना काळ्या कापडावर दाखवला तर भुलू नका. काळ्यावर सगळेच ओपल चमकतात. पांढऱ्या कागदावर, बोटांच्या बेचक्यात धरून, एकदा उन्हात आणि एकदा ट्यूबलाइटखाली दाखवायला सांगा. मग बाजूने, अगदी कडेने बघा. कडेला सरळ, सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर तो डबलेट, म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली. वर काचेसारखा स्वच्छ घुमट असेल तर ट्रिपलेट. दोन्ही विकणं गैर नाही, अख्ख्या खड्याच्या भावात विकणं गैर. वरून पाहताना रंगाचे तुकडे एकसारखे, सरड्याच्या कातडीसारखे रचलेले दिसले तर तो कारखान्यात तयार झालेला असण्याची शक्यता मोठी. आणि काळाकुट्ट इथिओपियन स्वस्तात मिळत असेल तर तो धुराने काळा केलेला समजा.

घेतला तो १० बाय ८ मिलिमीटर अंडाकृती, उंची ४.२, वजन १.६५ कॅरेट. १,५०० रुपये, कुरिअर १५०. बिलावर 'नैसर्गिक ओपल, इथिओपिया, कोणतीही प्रक्रिया नाही' असं लिहून घेतलं. हे वाक्य तोंडी सगळेच बोलतात, बिलावर लिहायला सांगितलं की माणूस कळतो.

१६ तारखेला खडा आला. २० जानेवारीला, सोमवारी, तो पुण्यातल्या एका खासगी रत्नप्रयोगशाळेत दिला. फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, ७०० रुपये. खडा आपल्यासमोर वजन करून पाकिटात सील करतात. पावतीवरचं वजन आणि बिलावरचं वजन तिथेच जुळवून घ्या. आणि फॉर्म भरतानाच सांगा की खडा पाणी पिणारा आहे, पाण्यात किंवा अपवर्तनाच्या तेलात टाकू नका. घनतेची चाचणी एरवी पाण्यात बुडवून होते, आणि अपवर्तनांक मोजायला लावतात तो द्रव असल्या खड्यात शिरू शकतो. काउंटरवरच्या मुलीने आत जाऊन विचारलं, परत आली आणि फॉर्मवर लाल पेनने शेरा मारला. तीन दिवसांनी रिपोर्ट हातात: नैसर्गिक ओपल, प्रक्रियेच्या खुणा आढळल्या नाहीत. रिपोर्ट खडा काय आहे ते सांगतो. तो टिकेल का, हे त्यात नसतं.

ते बघायला वेळ द्यावा लागतो. ओपलमध्ये पाणी असतं, सहसा वजनाच्या ३ ते १० टक्के. काही खडे खाणीतून निघाल्यावर, पैलू-पॉलिश झाल्यावरही सुकत राहतात आणि आतून तडकतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, त्या नंतर पुसल्या जात नाहीत. म्हणून खडा आला की लगेच जडवायचा नाही. कापूस घातलेल्या डबीत, उघडा, खोलीच्या हवेत दोन-तीन आठवडे ठेवायचा. फ्रीजवर नको, खिडकीत नको, देवघरातल्या समईजवळ तर नकोच. दर दोन दिवसांनी मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून दहापटीच्या भिंगातून बघायचा. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि हाच गाळायचा मोह सगळ्यात जास्त.

तोवर चांदी. २५ जानेवारीला सोन्या मारुती चौकाच्या बाजूला ओळखीच्या एका कारागीर काकांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं या लेखात आहे. घेतलं ते असं: तळासाठी ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीचा ०.८ मिमी पत्रा, कडीसाठी, म्हणजे बोटात जाणाऱ्या वेढ्यासाठी, ९२५ ची अर्धगोल तार, ३ मिमी रुंद आणि १.६ जाड, आणि कोंदणासाठी ९९९ ची ०.३ मिमी जाड, ३ मिमी रुंद पट्टी. कोंदणाला शुद्ध चांदीच का? ती मऊ. ९२५ मध्ये तांबं असतं, ती कडक, ती वळवायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा जोर ओपलच्या कडेवर जातो. ओपलची कठीणता साडेपाच ते साडेसहा, शिवाय ठिसूळ. सगळी मिळून ८ ग्रॅम, भाव तेव्हा घडणीसकट ग्रॅमला १०५ पडला, म्हणजे ८४० रुपये. झाळण, म्हणजे चांदीचे तुकडे जोडायला वितळवतात तो धातू, तीन प्रकारची घ्या: उशिरा वितळणारी, मधली आणि लवकर वितळणारी. कॅडमियम नसलेली मागा. कॅडमियमचा धूर विषारी असतो. झाळण आणि करवतीची पाती मिळून २६०.

बाकी हत्यारं बोहरी आळीतून. ब्यूटेनचा छोटा टॉर्च ९००, आगीची वीट ३५०, कानशी, करवत, चिमटे, लाकडी शिकंजा मिळून ११००. टाकणखार (झाळ देताना सांध्याला लावायचा) आणि लिंबूसत्व वाण्याकडून. गंधकाम्लाच्या फंदात घरी पडू नका. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, झाळ दिलेली चांदी दहा-पंधरा मिनिटांत पांढरी होते. त्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही, नाहीतर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर बसतो. लाकडी काडी किंवा तांब्याचा चिमटा.

१ फेब्रुवारी. कोंदणाची पट्टी किती लांब कापायची, इथे पहिली चूक झाली. १० बाय ८ च्या अंडाकृतीचा घेर साधारण २८.४ मिमी. तेवढीच कापली आणि खडा आत जाईना, कारण पट्टीची जाडी धरलीच नव्हती. घेरात जाडीच्या ३.१४ पट मिळवायचं: ०.३ ला जवळपास ०.९, म्हणजे २९.३. कागदाची पट्टी गुंडाळून मोजलं तरी ही बेरीज करावीच लागते. टोकं कानसून अशी जुळली पाहिजेत की उजेडासमोर धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. झाळ फट भरत नाही, जोडते. हे वाक्य काकांनी दिवसभरात चारदा ऐकवलं.

सांध्याला उशिरा वितळणारी झाळण. मग कोंदण तळपत्र्यावर बसवायला मधली. इथे दुसरी चूक, आणि ही महागात गेली. टॉर्च वरून मारला. ०.३ मिमीची पट्टी ०.८ च्या पत्र्याआधी तापली आणि तिची एक कड मेणासारखी बसली. पट्टी पुन्हा कापा, पुन्हा जोडा. बरोबर रीत अशी: पत्रा जाळीवर ठेवायचा, ज्योत खालून, गोल फिरवत. झाळणीचे मिलिमीटरभर तुकडे कोंदणाच्या आतल्या बाजूला टेकवायचे. टाकणखाराचं पाणी आधी उकळून फुगतं, लाह्यांसारखं पांढरं होतं, मग खाली बसतं आणि काचेसारखं पारदर्शक दिसायला लागतं. तिथून पुढे डोळा हलवायचा नाही. काही सेकंदांत तुकडे गोळा होतात आणि अचानक कोंदणाच्या पायथ्याशी पाऱ्यासारखी चकचकीत रेघ पळत जाते. ती पूर्ण फिरली की ज्योत बाजूला. आणखी दोन सेकंद थांबलं की पत्रा गेला.

मग खिडकी. खडा बोटाला टेकायचा म्हणजे तळाला भोक हवं, आणि भोक खड्यापेक्षा लहान हवं, चहूबाजूंनी मिलिमीटरभर ओटा ठेवून, नाहीतर खडा खालून निघून येईल. ८ बाय ६ ची खिडकी करवतीने कापली. पात्याला मेण लावा, करवत उभी धरा, जोर पुढे नको. तरी चार पाती तुटली. एक फायदा नंतर कळला: मोजमापासाठी घातलेला खडा अडकला तर खालून काडीने ढकलता येतो. बंद पाठीची अंगठी करणाऱ्यांनी खडा घालून बघताना खालून आडवा दोरा ठेवावा, म्हणजे ओढून काढता येईल.

माझं मत विचाराल तर पाणी पिणाऱ्या ओपलला पाठ बंदच असावी. उघडी पाठ म्हणजे घाम, साबण, कणकेचं तेल, सगळं थेट खड्याला. ज्यांना अट पाळायचीच आहे त्यांनी पाणी न पिणारा खडा घ्यावा. इथे ते झालं नाही.

८-९ फेब्रुवारीला कडी. वहिनींचं माप भारतीय १४, म्हणजे आतला घेर सुमारे ५४ मिमी, व्यास १७.२. तारेची लांबी काढताना इथेही जाडी मिळवायची: १७.२ अधिक १.६, गुणिले ३.१४, म्हणजे ५९ मिमी. लवकर वितळणारी झाळण, आणि कोंदणाचे आधीचे सांधे सुटू नयेत म्हणून ज्योत कडीवर. कोंदणाची उंची कानसून २.६ वर आणली. खड्याचा घुमट जिथे आत वळायला लागतो त्याच्या जरा वर कोंदण यायला हवं. फार उंच ठेवलं तर वळवताना सुरकुत्या पडतात आणि रंगही झाकतो.

१२ तारखेला टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घेतला, १०० रुपये. मशीनवर ९२.६ टक्के आलं. झाळीच्या जागी मशीन धरलं तर आकडा कमी येतो, म्हणून कडीच्या पाठीवर धरायला सांगा, आणि खडा बसवण्याआधीच जा. हॉलमार्क मात्र मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क नोंदणी केलेल्या सराफामार्फतच होतो, घरी घडवलेला दागिना आपण थेट केंद्रावर नेला तर फक्त तपासून मिळतो. मी एका केंद्रावर पाऊण तास रांगेत उभा राहून हे ऐकलं, तुम्ही नका राहू. विकत घेणार असाल तर १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, सुरू झाला आहे. तो सक्तीचा नाही, पण असेल तर बीआयएस केअर अॅपवर घालून बघता येतो.

१५ फेब्रुवारीला पॉलिश. हे खडा बसवण्याच्या आधी का, तर पॉलिशची लाल पावडर सच्छिद्र ओपलमध्ये शिरते आणि राहते. कानस, मग ४००, ६००, १००० चा पाणकागद, शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासणं. जुन्या पेढ्यांवर अजून रिठाच चालतो, आणि त्याने येणारी मऊ पांढरी झळाळी रसायनाने येत नाही. त्यानंतर अंगठी एक दिवस कोरडी होऊ दिली, सांध्यात ओल राहायला नको.

डबीतला खडा तिसाव्या दिवशीही स्वच्छ. १६ फेब्रुवारी, रविवार, सकाळचा उजेड. टेबलावर जाड टॉवेल, जेणेकरून खडा पडला तरी उडणार नाही. अंगठी लाकडी शिकंज्यात. लाखेवर पक्की धरायची सवय कारागिरांना असते, पण लाख तापवावी लागते, ओपलसाठी शिकंजाच बरा. आधी ओटा सपाट आहे का ते बघायचं. एरवी मार्करची शाई लावून उंचवटा शोधतात. ओपल शाईसुद्धा पितो, म्हणून त्याच मापाची काच वापरली. मग खडा ठेवून टूथपिकने चार बाजूंना हळूच दाबून बघायचं. एका जागी 'टिक' असा आवाज आला. म्हणजे खडा डुलतोय. डुलणाऱ्या खड्यावर कोंदण वळवलं की तो त्या उंचवट्यावर तडकतो. खडा बाहेर, कानशीचे तीन हात, धूळ फुंकून पुन्हा. टिक गेली.

गोंद नाही. हे वेगळं लिहितो कारण व्हिडिओंत सर्रास एक थेंब लावतात. पाणी पिणारा ओपल गोंदही पितो, आणि तिथे कायमचा मंद डाग राहतो.

बोथट, घासून गुळगुळीत केलेलं पोलादी टोक घेऊन आधी घड्याळातल्या १२ वर, मग ६, मग ३, मग ९. पहिल्या फेरीत कोंदण फक्त खड्याकडे झुकवायचं, दुसऱ्यात अधल्यामधल्या जागा, तिसऱ्यात वरची कड खाली. एका बाजूने सुरू करून गोल फिरलात तर शेवटी पट्टी जास्तीची उरते आणि सुरकुती पडते. हातोडी नाही, मशीनची तर नाहीच. टोक घसरून खड्यावर येऊ नये म्हणून अंगठा कायम कोंदणाला टेकलेला. चाळीस मिनिटं लागली. शेवटी अकीकाच्या ओपणीने (चकाकी आणायच्या गुळगुळीत दगडी टोकाने) कड घासून घेतली, भिंगातून चहूबाजूंनी बघितलं, आणि मग पाणी प्यायला उठलो.

खर्च ५,९०० झाला, त्यातली २,३५० हत्यारं. याच कामाची मजुरी काकांनी १,२०० सांगितली होती. पैसे वाचवायला हे करू नये.

२१ फेब्रुवारीला, शुक्रवारी, अंगठी दिली, सोबत सूचनांचा कागद: भांडी, अंघोळ, कणीक, अत्तर, सॅनिटायझर यांच्या आधी काढायची, सराफाकडे अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा वाफेवर धुवायला द्यायची नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायची, तेही धूळ फुंकून, कारण धुळीतली वाळू ओपलपेक्षा कठीण असते. आणि ठळक अक्षरात: धुळवड, रंगपंचमी. रंगाचं पाणी गेलं तर परत निघणार नाही.

१९ मार्चला रंगपंचमी. वहिनींनी अंगठी आठवणीने कपाटात ठेवली, संध्याकाळी घातली आणि मग रंगाने माखलेले हात-पाय धुवून आलेल्या पोरांच्या जेवणाची भांडी घासायला बसल्या. नऊ वाजता फोन. "अहो, खडा गेला. नुसती काच राहिलीय."

फोटोत खिडकीतून खालची कातडी दिसत होती. रंगाचा मागमूस नाही. खड्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात, त्यांच्यामधल्या पोकळ्यांमुळे प्रकाश फुटतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की गोळा आणि पोकळी यातला फरक जातो आणि रंग विझतो. खडा जागेवरच असतो. करायचं एकच: काही करायचं नाही. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, तांदळाचा डबाही नाही. भरभर वाळला की तडकतो. अंगठी उलटी, खिडकी वर करून, बशीत कोरड्या कापडावर ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी खडा दुधाळ झाला, खडूसारखा. हा टप्पा माहीत नसेल तर पोटात गोळा येतो. तिसऱ्या दिवशी कडेला एक हिरवी ठिणगी. पाच दिवसांनी, २४ तारखेला सकाळी, फोटो आला: केशरी परत आलेलं, मध्यभागी थोडा धूसरपणा बाकी. खाली ओळ होती, "गुरुजींना विचारते, पाठ बंद करून चालेल का."